किल्लीचं भोक

माणसाने शोधून काढलेल्या वस्तूंमध्ये कुलूप ही मला सगळ्यांत प्रामाणिक वस्तू वाटते. चाक शोधणाऱ्याच्या मनात ‘आता लांब जाता येईल’ असा विचार आला असेल, चूल मांडणारीच्या मनात ‘आता शिजवून खाता येईल’ असा आला असेल. कुलूप शोधणाऱ्याच्या मनात मात्र एकच विचार असणार, आणि तो शेजाऱ्याबद्दल असणार. बाकीच्या शोधांना आपण प्रगती, संस्कृती, मानवजातीचं कल्याण अशी भारदस्त नावं देतो. कुलूप तसलं ढोंग करत नाही. कडीला लटकून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सरळ सांगतं, ‘आमचा तुमच्यावर विश्वास नाही.’

आणि गंमत अशी, की ही अविश्वासाची वस्तू दुकानात मागताना आपण म्हणतो, ‘एक भरवशाचं कुलूप द्या हो!’ म्हणजे माणसांवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून कुलूप आणायचं, आणि मग कुलपावर विश्वास ठेवायचा. ते घडवणाऱ्यावर ठेवायचा. विकणाऱ्यावर ठेवायचा. तिसरी किल्ली त्यांच्यापैकी कुणी खिशात टाकलेली नाही, यावर ठेवायचा. एका शेजाऱ्यावर विश्वास ठेवायचं टाळलं, तर तीन परक्यांवर ठेवणं आलं.

अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. वकिली केलेल्या माणसाला समाजातली कुलपांची गरज इतरांच्या आधी दिसावी, यात नवल नाही. याच्या अगदी उलट टोकाला आपलं शनिशिंगणापूर. तिथे घरांना दारं न लावण्याची परंपरा. २०११ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेने तिथे ‘बिनकुलपाची’ म्हणून शाखाही उघडली. पण त्यावरून तिथल्या माणसांचा एकमेकांवर विश्वास आहे असं समजू नका. विश्वास आहे तो शनिमहाराजांच्या कोपावर. चोरी केली तर वरून बघणारा कुणीतरी बघून घेईल, हा तो विश्वास. म्हणजे कुलूप तिथेही आहे. फक्त ते आकाशात लावलेलं आहे.

माझ्या भाच्याचं म्हणणं असं, की आता सगळ्यांचीच कुलुपं आकाशात गेली आहेत. तो आकाशाला ‘क्लाउड’ म्हणतो.

हा भाचा हिंजवडीला नोकरी करतो. काय करतो ते त्याच्या आईला सांगता येत नाही. ती विचारणाऱ्याला फक्त पगार सांगते. एका रविवारी पोह्यांची दुसरी बशी संपवून त्याने मला विचारलं, “मामा, तुझ्या घराला दारं किती?”

“तीन,” मी म्हणालो. “पुढचं, मागचं आणि गॅलरीचं.”

“नऊ,” तो म्हणाला, आणि बोटं मोडत मोजू लागला. टीव्ही, राउटर, बेलमधला कॅमेरा, हाक मारली की गाणी लावणारा तो डबा, एसी, आणि स्वतः त्यानेच दिवाळीला भेट दिलेला रंग बदलणारा दिवा. “जी वस्तू इंटरनेटला जोडली, ते घराचं एकेक दार. आणि या सहांपैकी एकालाही तू कुलूप लावलेलं नाहीस.”

दिव्याला कुलूप लावायचं असतं हे आमच्या पिढीला कुणी शिकवलेलं नाही. आम्हांला दिवा लावायचा आणि मग तो मालवायचा एवढंच शिकवलं होतं. पण भाच्याने मग मला २०१६ सालची हकिगत सांगितली, आणि त्या रात्री मी रंगीत दिवा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

हकिगत अशी. कारखान्यातून निघताना प्रत्येक कॅमेऱ्याला एक नाव आणि एक परवलीचा शब्द दिलेला असे. नाव ‘ॲडमिन’, परवलीचा शब्दही ‘ॲडमिन’. फार डोकं चालवलं तर ‘१२३४५’. घेणाऱ्याने तो घरी नेल्यावर बदलावा अशी अपेक्षा. आता, दाराला आंब्याचं तोरण मागच्या दसऱ्याचं असणारा मनुष्य परवलीचा शब्द कशाला बदलायला जातो? अमेरिकेतल्या काही पोरांनी अशा साठेक जोड्यांची यादी केली आणि ती जगभरच्या कॅमेऱ्यांवर नि राउटरांवर चालवून बघितली. साठ किल्ल्यांचा एक जुडगा, आणि उघडली लाखो दारं. या प्रकरणाला त्यांनी नाव दिलं ‘मिराई’. जपानीत मिराई म्हणजे भविष्यकाळ. २१ ऑक्टोबर २०१६ या दिवशी अशा फितवलेल्या यंत्रांच्या फौजेने डाइन नावाच्या अमेरिकन कंपनीवर एकदम हल्ला चढवला. इंटरनेटवरचे पत्ते सांगण्याचं त्या कंपनीचं काम. पत्ते विचारणाऱ्यांची अशी झुंबड उडाली, की खऱ्या गिऱ्हाइकाला आत शिरता येईना, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अशी मोठमोठी दुकानं कित्येकांसाठी काही तास बंद पडली.

कुंपणाने शेत खाणं म्हणतात ते याला. चोरांवर नजर ठेवायला लावलेले कॅमेरे चोरांच्या टोळीत भरती झाले, आणि मालकाला त्याचा पत्ताही नाही. कारण त्याच वेळी ते मालकाचं अंगणही इमानेइतबारे दाखवत होते. पुढे कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा सरसकट परवलीच्या शब्दांना कायद्याने बंदी आली. सगळ्या कुलपांना एकच किल्ली करू नका, हे सांगायला दोन सरकारांना कायदे करावे लागले.

“बरं, मी शब्द बदलतो,” मी म्हणालो. “मग झालं?”

“मग तुझ्या दाराची वही कंपनीकडे राहिली,” भाचा म्हणाला. “तुझं दार कुणी उघडायचं, हे तिच्या वहीत लिहिलेलं. तिने वही मिटली की तुझं दार मिटलं.”

हेही काही त्याच्या मनाचं नव्हतं. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाची एक पेटी मिळे. घरातले दिवे, कुलुपं, पंखे एका जागेवरून चालवणारी. किंमत तीनशे डॉलर. ती करणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिची आकाशातली यंत्रं बंद करून टाकली. पेट्या ज्यांच्या त्यांच्या घरात होत्या, पैसे पूर्ण चुकते झालेले होते, आणि एके सकाळी त्या नुसत्या पेट्या झाल्या. विकत घेतलेल्या वस्तूचा जीव विकणाऱ्याकडे ठेवायचा, ही गोष्ट आपण लहानपणी राक्षसाच्या कथेत ऐकली होती. त्याचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असे. पण निदान तो पोपट राक्षसाच्या मालकीचा होता!

यावर उपाय म्हणून भाच्याने जे सांगितलं, ते ब्लॉकचेन. त्याने ते मला इंग्रजीत अर्धा तास समजावलं. मग आमच्या हिने ते मला मराठीत दोन मिनिटांत समजावलं, कारण हिची भिशी आहे.

भिशीत बायका बारा. पूर्वी हिशेबाची वही एकीकडे असायची. एकदा त्या वहीवर चहा सांडला, आणि तो नेमका वादातल्या महिन्याच्या पानावर सांडला. तेव्हापासून बाराजणींकडे बारा वह्या आहेत. महिन्याला सगळ्याजणी जमतात, कुणी किती दिले ते मोठ्याने वाचतात, आणि बाराही वह्यांत तेच लिहितात. शिवाय प्रत्येक नव्या पानाच्या डोक्यावर मागच्या पानाची बेरीज उतरवायची. आता एखादीने घरी जाऊन मार्चचं पान खोडलं, तर एप्रिलपासून पुढच्या सगळ्या बेरजा चुकणार, आणि उरलेल्या अकरा वह्या तिच्याविरुद्ध साक्ष देणार. म्हणून कुणी खोडत नाही. हिच्या भिशीत कुणाचाच कुणावर विश्वास नाही, आणि म्हणूनच ती नीट चाललेली आहे.

“मामी, अगदी हेच!” भाचा म्हणाला, पण त्याचा चेहरा पडला. सहा महिन्यांचा कोर्स करून आला होता बिचारा.

ही कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ साली कागदपत्रांवर खोडता न येणारा काळाचा शिक्का कसा मारावा ते मांडलं. आणि १९९५ पासून अशा शिक्क्यांची एक बेरीज दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापून यायला लागली. एकदा पेपर घरोघर गेला की सगळ्या घरांतली बेरीज कोण खोडणार? आपल्याकडे गावच्या जमिनीच्या नोंदी चावडीवर मोठ्याने वाचतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. पुढे २००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी बिटकॉइनची योजना लिहिली आणि जानेवारी २००९ मध्ये तिची वही उघडली. कुणावरही विश्वास ठेवायला नको अशी व्यवस्था त्याने जगाला दिली, आणि स्वतःचं खरं नाव सांगितलं नाही. तत्त्वाला जागणारा माणूस!

दाराच्या बाबतीत हे असं चालतं: कुठल्या दारातून कुणी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत जायचं, हे त्या हजारो वह्यांत लिहून ठेवायचं. दाराशी आलेल्याचा फोन एक गुप्त सही करतो. ती त्याच्याखेरीज कुणाला करता येत नाही. पण खरी की खोटी हे कुणालाही तपासता येतं. कुलूप सही तपासतं, वहीत नाव बघतं, आणि उघडतं किंवा उघडत नाही. मधे कंपनी नाही, साहेब नाही, ‘लंच टाइम आहे, नंतर या’ नाही. परवानगी दिली की लगेच मिळते, काढली की लगेच जाते, आणि कोण कधी आलं-गेलं ते कायमचं लिहिलं जातं. ऐकून मी प्रभावित झालो. वशिला न चालणारी एक तरी जागा जगात निघाली म्हणायची.

भाच्याने तसलं एक कुलूप घरीच तयार केलं. बाजारातलं विजेचं कुलूप, त्यात पत्त्याच्या कॅटएवढा संगणक, आणि मागे इथेरियम नावाच्या वहीची सरावासाठी असते ती पाटी. आता ते लावायला दार हवं होतं. आमचं दार द्यायला हिने साफ नकार दिला. तेव्हा समोरच्या आजींचं दार पुढे आलं.

आजी एक्क्याऐंशीच्या. एकट्या राहतात. मुलगा सॅन होजेला. त्याला ही कल्पना भलतीच पसंत पडली. कामवाली नऊ ते दहा, औषधं आणून देणारा मुलगा शनिवारी अकराला, व्यायाम करवून घेणाऱ्या बाई सोमवार-गुरुवार; सगळ्यांच्या परवानग्या त्याला तिथे बसून देता येणार. मी हे अजिबात हसण्यावारी नेत नाही. साडेबारा तास मागे असलेल्या गावात रात्री अंथरुणावर पडल्यावर ‘आईचं दार नीट लागलंय ना’ हा प्रश्न ज्याच्या छातीवर बसतो, त्याला कुलपाची किंमत आपण सांगू नये.

सगळं ठरलं. फक्त एका भोकावरून अडलं.

जुन्या दाराला किल्लीचं भोक होतं, आणि त्या भोकाची एक किल्ली गेली बावीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली आहे. भाचा म्हणाला, “हे भोक बुजवायचं. नाहीतर पुढून एवढी गणितं करायची आणि चोराने बाजूने दोन रुपयांच्या तारेने आत यायचं, याला काय अर्थ आहे? आणि मामी, बावीस वर्षांत या खिळ्यासमोरून किती प्लंबर गेले? किती रंगारी? ‘ही कुणाची किल्ली’ असं कितीजणांनी विचारलं, आणि तू कितीजणांना खरं सांगितलंस?”

हिच्याकडे उत्तर नव्हतं. ही सगळ्यांनाच खरं सांगते.

भाच्याची बाजू शंभर टक्के बरोबर होती. आजी फक्त म्हणाल्या, “भोक राहू दे बाळा.”

त्या तसं का म्हणाल्या हे मला ठाऊक आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी एका सकाळी नऊ वाजेपर्यंत दुधाची पिशवी त्यांच्या कडीला तशीच लटकत होती. हिने खिळ्यावरची किल्ली काढली आणि सरळ दार उघडलं. आजी न्हाणीघरात पडल्या होत्या; खुब्याचं हाड मोडलं होतं. पहाटे पाचापासून तशाच. त्या दिवशी हिला आत जायची परवानगी कुणीही दिलेली नव्हती. नऊ ते दहा या वेळात हिचं नाव कुठल्याही वहीत बसलं नसतं. परवानगी दिली ती दुधाच्या पिशवीने! आणि दुधाच्या पिशवीची सही तपासणारं कुलूप भाच्याला अजून जमलेलं नाही.

इथे कुणी म्हणेल, की त्यात काय, आणीबाणीचा नियम लिहून ठेवा. पिशवी नऊपर्यंत आत गेली नाही तर समोरच्या घराला परवानगी. ठीक आहे, पण ज्या दिवशी दूधवालाच येणार नाही त्या दिवशीचं काय? आजींनी मुद्दाम दार उघडलं नाही, कारण त्यांना कुणाचं तोंड बघायची इच्छा नाही, त्या दिवसाचं काय? नियम लिहिणाऱ्याला उद्याचं सगळं आज सुचावं लागतं. शेजारणीला फक्त आजचं आज सुचलं तरी पुरतं.

भोक नसलेल्या कुलपाचं काय होतं याचा दाखला खुद्द भाच्यानेच दिला, आणि दिल्यावर त्याला तो मागे घ्यावासा वाटला. जर्मनीत मिटवायडा गावी स्लॉकइट नावाची एक कंपनी २०१५ साली निघाली. तिची कल्पना नेमकी हीच: कुलपालाच ब्लॉकचेन जोडायची. घर भाड्याने हवं? पैसे थेट कुलपाला द्या, दार उघडेल. मुदत संपली, बंद होईल. मालक नको, दलाल नको. त्याच वर्षी लंडनच्या एका सभेत त्यांनी अशा रीतीने पैसे भरून विजेची किटली चालू करून दाखवली. पाहुण्याने पैसे भरल्याखेरीज चहाचं आधण चढत नाही, हे बघून त्या सभेने टाळ्या वाजवल्या म्हणे. आमच्या शहराबद्दल लोक उगाच बोलतात!

या मंडळींनी मग पैसे गोळा करायला ‘डाओ’ नावाची एक सार्वजनिक तिजोरी काढली. तिला संचालक नाहीत, व्यवस्थापक नाही. नियम तेवढे संगणकाच्या भाषेत लिहिलेले, आणि ते नियम हाच कायदा. २०१६ च्या मे महिन्यापर्यंत तीत १५ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम जमली. आणि १७ जून २०१६ रोजी कुणीतरी त्यातले ३६ लाख ईथर, म्हणजे तेव्हाच्या भावाने पाच कोटी डॉलरहून जास्त, हळूहळू बाहेर काढायला सुरुवात केली.

कुलूप फोडलं का? नाही. त्याने नियम नीट वाचले. तिजोरीचा खजिनदार आधी पैसे हातावर ठेवायचा आणि मग वहीत वजा करायचा, असं त्या नियमांत लिहिलं गेलं होतं. या गड्याने पैसे हातात पडताच, वजाबाकी व्हायच्या आत, पुन्हा स्लिप पुढे केली. पुन्हा पैसे. पुन्हा स्लिप. खजिनदाराने एकदाही मान वर करून बघितलं नाही. कारण त्याला मान नव्हती. आपल्या कुठल्याही बँकेतल्या कॅशियरने तिसऱ्या स्लिपेला ‘काय हो, घरी लग्न आहे का?’ एवढं तरी विचारलं असतं.

आता प्रश्न आला, आणि तो मला या सगळ्या कथेतला खरा प्रश्न वाटतो. नियमाप्रमाणे झालेली चोरी ही चोरी का? एक पक्ष म्हणाला, नियम हाच कायदा असं आपणच सांगितलं होतं. त्याने नियम मोडला नाही. तेव्हा पैसे त्याचे. आज आपल्या सोयीसाठी वही बदलली, तर उद्या कुणाच्याही सोयीसाठी बदलता येईल, मग ती खोडता न येणारी वही कसली? दुसरा पक्ष म्हणाला, हजारो लोकांचे पैसे डोळ्यांदेखत चाललेत आणि तुम्ही व्याकरण कसलं सांगता? महिनाभर वाद झाला. कुठलंही यंत्र त्या वादात पडलं नाही. शेवटी २० जुलै २०१६ रोजी बहुसंख्य वहीवाल्यांनी मिळून ठरवलं, आणि ते पैसे मूळ मालकांना परत नेता येतील असा फेरफार वहीत केला. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी जुनीच वही पुढे चालवली. आजही त्या दोन्ही वह्या वेगवेगळ्या चालू आहेत, एकत्र कुटुंबात न बोलणाऱ्या दोन भावांसारख्या.

मला दोन्ही भावांबद्दल आदर आहे. पहिल्याचं म्हणणं खोटं नाही. नियम माणूस बघून वाकला की नेहमी गरिबावरच पडतो, हे आपण कचेऱ्यांतून बघतोच. पण दुसऱ्याला जे कळलं ते अधिक जुनं आहे. लिहिलेलं आणि न्याय्य यांची वाट एकदा वेगळी झाली, की ‘आता काय करायचं’ याचा जबाब लिहिलेलं देऊ शकत नाही. तो कुणीतरी माणसानेच द्यायचा असतो, आणि दिल्यावर लोकांच्या तोंडाला तोंड द्यायचं असतं. कुणावरही विश्वास ठेवावा लागू नये म्हणून कुलपं करणारे लोक, आणि त्यांच्याच तिजोरीला शेवटी माणसांनी जमून एक भोक पाडावं लागलं!

म्हणून माझं असं मत झालं आहे, की संशय हा वस्तूंना शोभतो. दिव्याने कॅमेऱ्यावर विश्वास ठेवायचं काहीच कारण नाही. त्यांच्यात नातं नाही, भीड नाही, एकमेकांच्या लग्नाला ते गेलेले नाहीत. त्यांनी एकमेकांच्या सह्या खुशाल रात्रंदिवस तपासाव्यात, आणि त्याच्या नोंदी बारा हजार वह्यांत कराव्यात. मिराईनंतर तर ते कराच. तिथे भाच्याच्या विद्येला माझा नमस्कार आहे.

पण माणसामाणसांतला विश्वास म्हणजे कुलपातली राहून गेलेली फट, ती बुजवली की काम झालं, असं जेव्हा हे लोक बोलतात तेव्हा मी बिथरतो. त्या खिळ्याकडे बघा. बावीस वर्षांत आमच्या घरात वाद झाले, अडचणी आल्या, महिन्याची अखेर तर दर महिन्याला आली. आणि समोरच्या घरात सोन्याच्या पाटल्या आहेत हे आम्हांला ठाऊक होतं. ती किल्ली खिळ्यावरच राहिली. आम्ही काही संत नाही. पण ‘हे लोक किल्लीला जागतील’ असं कुणीतरी आपल्याबद्दल धरून चाललं आहे म्हटल्यावर माणूस थोडा ताठ बसतो. माणूस भरवशाचा आहे म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवतात हे खरंच. पण भरवसा ठेवला म्हणूनही तो भरवशाचा होतो. ज्या कुलपाशी बेइमानी करताच येत नाही, त्याच्याशी इमान राखल्याचं पुण्यही लागत नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो हे मलाही ठाऊक आहे. पण म्हणून कुणी म्हैस पाळायची सोडत नाही.

आणि ती कायमची नोंद! आजी रोज संध्याकाळी देवळात जातात. त्यांना साखरेचा त्रास आहे. देवळाशेजारी जिलबीचं दुकान आहे. कुठल्या गुरुवारी देवळातून परतायला पस्तीस मिनिटं जास्त का लागली, हे सॅन होजेला कळणार, आणि खोडता न येणाऱ्या अक्षरांत कळणार. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईची जिलबी हजारो वह्यांत जगाच्या अंतापर्यंत राहणार! शेजाऱ्यांनाही ती ठाऊक आहे. पण शेजारी बघतात, एकमेकांत चार शब्द बोलतात, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत विसरतात. विसरणं हा शेजारधर्माचा अर्धा भाग आहे.

भाचा गुणी मुलगा आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. नोंद सात दिवसांनी पुसली जावी म्हणून त्याने ती वहीत न ठेवता कुलपातच ठेवली. पण मग त्याने स्वतःहूनच आणखी एक अडचण काढली. आजींचा फोन हरवला तर त्यांची गुप्त सही जाणार. ती परत मिळवायची तर चोवीस इंग्रजी शब्द क्रमाने लक्षात ठेवावे लागतात. आजींना रामरक्षा पाठ आहे, पण त्या शब्दांना ना अर्थ ना चाल. कागदावर लिहावेत तर कागद रद्दीत जाणार. ब्रिटनमध्ये न्यूपोर्ट गावच्या एका गृहस्थाची अशीच किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली, आणि तिच्यामागे हजारो बिटकॉइन अडकून पडले. तिथे ना कुणाला भेटून उपयोग, ना अर्ज करून.

“मग यावर तुमच्या शास्त्रात उपाय काय?” मी विचारलं.

“आहे ना,” भाचा उत्साहाने म्हणाला. “अगदी अलीकडचा. आपण आधीच पाच विश्वासू माणसं नेमून ठेवायची. सही हरवली तर त्या पाचांपैकी तिघांनी ‘हो, या त्याच आजी’ असं सांगायचं. की लगेच नवी सही!”

मी आणि ही एकमेकांकडे बघत राहिलो. आठ वर्षांचं शिक्षण, हिंजवडी, जर्मनी, पाच कोटी डॉलर, एवढं सगळं फिरून शास्त्र शेवटी पाच पंचांपाशी येऊन पोचलं होतं.

आजींच्या दाराला आता नवं कुलूप आहे. त्याच्या खाली चार बोटांवर जुनं भोकही आहे. भाच्याने भोक ठेवलं, फक्त खिळा आतल्या खोलीत हलवला; आणि ते हिलाही पटलं. पाच माणसांची यादी आजींनी स्वतः सांगितली आणि त्याने फोनमध्ये उतरवून घेतली. पहिलं नाव हिचं, दुसरं दूधवाल्याचं, तिसरं कामवालीचं. चौथं देवळाशेजारच्या त्या दुकानदाराचं. का ते कुणी विचारलं नाही.

पाचवं सांगताना त्या जरा थांबल्या. मग मुलाचं नाव सांगितलं, आणि म्हणाल्या, “त्याला आपलं वाईट वाटायला नको.”